रोटी, टॉर्टिया आणि राबणारे हात

पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांतून मैद्याच्या आणि मक्याच्या टॉर्टियांची पाकिटे अलीकडे सर्रास दिसू लागली आहेत. तयार टॉर्टिया घ्यावी, तीत राजमा किंवा आदल्या दिवशीची मटकीची उसळ भरावी, वर किसलेले चीज, चिरलेला कांदा आणि लिंबू घालावे, ती दुमडून तव्यावर दोन्ही अंगांनी खरपूस भाजावी आणि रात्रीच्या जेवणाचा प्रश्न अर्ध्या तासात निकालात काढावा, हा प्रघात मध्यमवर्गीय घरांतून रूढ होऊ पाहत आहे. त्यावर अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले आहेत. एका पक्षाला यात स्वयंपाकघराची भ्रष्टता दिसते. पोळी लाटण्याचा आळस आणि परकीयांचे अनुकरण यांपलीकडे त्यात काही नाही, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाला यात जागतिक अभिरुचीची पहाट दिसते आणि दोन देशांच्या चवी एका ताटात आल्या म्हणजे संस्कृतींचा संगम झाला, अशी त्याची समजूत आहे.

वस्तुतः दोन्ही पक्षांनी प्रश्नच चुकीचा मांडला आहे. घरी केले जाणारे असे मिश्र जेवण चवीच्या हौसेतून क्वचितच जन्माला येते. ते जन्माला येते टंचाईतून. आणि ही टंचाई बहुधा धान्याची नसून हातांची आणि वेळेची असते. तेव्हा या जेवणाबद्दल विचारायचे ते एवढेच, की त्याने कोणाचे हात मोकळे केले आणि कोणाचे गुंतवले.

शुद्धतेच्या पक्षाचे समाधान फार वेळ न दवडता करता येईल. एकादशीच्या दिवशी सोवळ्यात शिजणारी साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला; शेंगदाणा तिकडचाच; बटाटा अँडीज पर्वताच्या उतारावरचा; हिरवी मिरचीही अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आलेली. जिरे आणि तूप सोडले तर आपल्या उपवासाचे सारे ताट परदेशी आहे. धर्मशास्त्राने त्यास कधी हरकत घेतल्याचे दिसत नाही. ज्या राजम्याला आपण पंजाबी म्हणतो तोही मूळचा मेक्सिकोच्या बाजूचाच असल्याने, टॉर्टियात राजमा भरणे म्हणजे दोन जुन्या शेजाऱ्यांची पुनर्भेट घडवणे होय.

प्रश्न हातांचा आहे, हे टॉर्टियाच्या मूळ घरी गेल्यावर स्पष्ट होते. टॉर्टिया हे नाव स्पॅनिश लोकांनी दिले; अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत तिला त्लाश्काली म्हणत. वाळलेला मका चुना घातलेल्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी धुऊन त्याची साले काढायची आणि मग तो ओला मका दगडी पाट्यावर वाटायचा, अशी तिची रीत. हा पाटा आपल्या पाट्यासारखाच, पण तीन पायांचा आणि उतरता; स्त्रीने त्याच्यापुढे गुडघे टेकून बसायचे आणि दोन्ही हातांनी वरवंटा पुढेमागे ओढायचा. घरातल्या माणसांना पुरेल इतका मका वाटायला रोज चार-पाच तास लागत. वाटलेला ओला मका टिकत नाही, त्यामुळे आज वाटून उद्यासाठी ठेवण्याची सोय नाही. मेक्सिकोतील असंख्य पिढ्यांचा दिवस अशा रीतीने पहाटेच्या अंधारात दगडापुढे सुरू झाला.

या श्रमात केवळ कष्ट नव्हते, ज्ञानही होते. चुन्यामुळे मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपने मका नेला, पण चुन्याची रीत आणि ती जाणणाऱ्या स्त्रिया मागेच ठेवल्या. परिणाम असा झाला, की इटलीच्या उत्तर भागातील आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील मक्यावर जगणारे गरीब लोक पेलाग्रा या रोगाने कातडी सोलून, भ्रमिष्ट होऊन मेले. हा रोग संसर्गाचा नसून निकस आहाराचा आहे हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवून दिले. नायासिनचा उलगडा १९३७ मध्ये झाला. पदार्थ उचलावा आणि तो करणारी माणसे बिनमहत्त्वाची समजावीत, या वृत्तीची किंमत इतकी जबर असू शकते.

आता टॉर्टिया आणि रोटी ही दोन्ही एका घरात, एका तव्यावर प्रथम आली त्या प्रसंगाकडे वळू. हा प्रसंग कोणा आचाऱ्याच्या प्रतिभेतून घडलेला नाही. तो घडवला कॅलिफोर्नियाच्या आणि अमेरिकेच्या कायद्यांनी.

विसाव्या शतकाच्या आरंभी जालंधर, होशियारपूर, लुधियाना या भागांतील काही हजार पंजाबी पुरुष अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. त्यांत बहुसंख्य शीख होते, थोडे मुसलमान आणि त्याहून थोडे हिंदू. पण तिथल्या गोऱ्यांच्या लेखी सरसकट सगळेच ‘हिंदू’. लाकडाच्या वखारी, लोहमार्गाची कामे आणि अखेर शेती असा त्यांचा प्रवास झाला. बायका मागे गावीच होत्या. चार पैसे गाठीला बांधून परतावे किंवा बायकोला आणावे, असा बहुतेकांचा बेत होता. १९१७ च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांना दार बंद केले आणि तो बेत तिथेच संपला. जो तिथे होता तो एकटा राहिला. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या जमीनविषयक कायद्यान्वये, नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई होती. १९२० मध्ये ती भाडेपट्ट्यालाही लागू झाली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे ‘गोरे’ नसल्याने नागरिकत्वास पात्र नाहीत असा निवाडा दिला आणि हा जमिनीचा कायदा पंजाब्यांच्या मानेवर बसला.

लग्नाच्या बाबतीतही कायदा आडवा होताच. गोऱ्या स्त्रीशी अन्य वंशीयाचा विवाह कॅलिफोर्नियात निषिद्ध होता आणि ती बंदी १९४८ पर्यंत टिकली. परवाना देणारा कचेरीतला कारकून अर्जदारांच्या कातडीचा रंग पाहून निर्णय करी. पंजाबी पुरुष आणि मेक्सिकन स्त्री समोर उभी राहिली, की दोघांचाही रंग त्याला सारखाच सावळा दिसे आणि तो शिक्का मारून मोकळा होई. मेक्सिकोत १९१० पासून क्रांतीची धुमश्चक्री माजली होती. तिच्यापासून जीव वाचवून सीमा ओलांडलेली कुटुंबे इम्पीरियल खोऱ्यात कापूस वेचण्याच्या कामावर येत. शेत पंजाब्याच्या कसणुकीत, वेचणारे हात मेक्सिकन. अशा बांधावर ही लग्ने जुळली. कॅरेन लिओनार्ड यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या पंजाबी पुरुषांच्या पावणेचारशेच्या आसपास विवाहांची नोंद घेतली आहे. त्यांतील बहुतेक वधू मेक्सिकन होत्या.

या घरांतले रात्रीचे जेवण कसे असेल? वायव्य मेक्सिकोत स्पॅनिशांनी नेलेल्या गव्हामुळे टॉर्टिया गव्हाचीही होते, आणि इम्पीरियल खोरे त्याच सीमेला लागून. रोटीची कणीक पाणी घालून मळावयाची, तर तिकडच्या गव्हाच्या टॉर्टियात डुकराच्या चरबीचे मोहन. एवढाच काय तो अंतराय. मोहन बदलले, की दोन्ही एकाच घरच्या. मिरची दोन्हीकडची, कांदा-टोमॅटो दोन्हीकडचे, दोन्हीकडे दाण्याची वा शेंगेची पातळ आमटीसारखी भाजी आणि ती भाकरीने टिपून खाण्याची सवय. मुले आईची स्पॅनिश बोलत, देवळात जात ती आईच्या कॅथलिक चर्चमध्ये, आणि जेवत मात्र कोंबडीचा पंजाबी रस्सा टॉर्टियाशी किंवा रोटीशी, जे त्या दिवशी झाले असेल त्याच्याशी. खाण्यापिण्याचे धर्मनियम काही घरांत पाळले गेले, काही घरांत सुटले.

या सगळ्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या मेक्सिकन स्त्रियांना पंजाबी स्वयंपाक शिकवला तो त्यांच्या नवऱ्यांनी. सासू नव्हती, नणंद नव्हती. पंजाबची एकही स्त्री बहुधा शंभर कोसांत नव्हती. शेतमजुरांच्या तांड्यांत राहताना हे पुरुष आपली रोटी आपणच भाजत आले होते. गावी ज्यांनी चुलीकडे पाठ फिरवून ताटाची वाट पाहिली असती, त्यांना कायद्याने लाटणे हाती घ्यायला लावले. पुरुषाला स्वयंपाक येत नाही, तो त्याच्या स्वभावातच नाही, असे जे आपल्याकडे आजही गंभीर चेहऱ्याने सांगितले जाते, त्याला यापेक्षा चांगले उत्तर इतिहासात सापडणे कठीण.

तथापि या घरांचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. नवऱ्याबरोबर त्याचे शेतीतले भागीदारही बहुधा त्याच छपराखाली राहत. एकदा घरात बायको आली, की त्या साऱ्यांच्या रोट्या आणि धुणी तिच्याच अंगावर पडत. ही तक्रार घटस्फोटाच्या खटल्यांपर्यंत गेली, आणि असे खटले थोडे नव्हते. म्हणजे टंचाईने पुरुषांना शिकवलेला स्वयंपाक टंचाई संपताच पुष्कळांनी सोडून दिला. आजच्या कौतुकाच्या लेखांतून जी ‘रोटी केसादिया’ मोठ्या प्रेमाने वर्णिली जाते, तिच्या घडीत चीज आणि कांद्याबरोबर हेही भरलेले आहे.

कायद्याने जोडलेली ही पंगत कायद्यानेच विस्कटली. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्व खुले झाले आणि वर्षाला शंभर माणसांचा कोटा मिळाला; १९६५ च्या कायद्याने दार सताड उघडले. पंजाबातून बायका आल्या, कुटुंबेच्या कुटुंबे आली, गुरुद्वारे भरले. नव्यांना जुने मिश्र कुटुंब परके वाटले. युबा सिटी येथे १९५४ मध्ये अशाच एका जोडप्याने काढलेल्या एल रांचेरो या खाणावळीत परोठ्यासारख्या रोटीत मांस, चीज आणि कांदा भरून ती रश्शाबरोबर वाढत. ती १९९३ मध्ये बंद झाली. त्या सुमारास गावात पंजाबी वस्ती पूर्वी कधी नव्हती इतकी मोठी होती.

याच काळातील मुंबईशी या कॅलिफोर्नियाची तुलना बोधप्रद ठरेल. गिरणगावातही कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष बायकामुले गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधराजण राहत होते. पण त्यांतल्या फारच थोड्यांनी लाटणे हाती घेतले. कारण येथे खाणावळवाल्या बाया होत्या. एकेक बाई दोन वेळा दहा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायची आणि महिनाअखेर गिऱ्हाइकाचा पगार झाला की पैसे घ्यायची. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिच्या डोक्यावर. जिथे स्वस्तात राबणारी स्त्री उपलब्ध असते तिथे पुरुष स्वयंपाक शिकत नाही, हा एक साधा आर्थिक नियम दिसतो. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे या भाकरीला धंद्याची प्रतिष्ठा लाभली.

मेक्सिकोत मात्र काम निराळ्या मार्गाने घराबाहेर पडले. विसाव्या शतकात प्रथम ओला मका दळणाऱ्या गिरण्या आल्या आणि दगडापुढचे तास वाचले. आपल्याकडे जात्याची जागा पिठाच्या गिरणीने घेतली तसाच हा प्रकार. पण मेक्सिको तिथे थांबला नाही. थापणे आणि भाजणेही यंत्राकडे गेले, आणि गल्लोगल्ली टॉर्टिया किलोवर विकणारी दुकाने झाली. फडके घेऊन जायचे आणि गरम चळत बांधून आणायची. तिथल्या शहरी गृहिणीला टॉर्टिया विकत आणल्याबद्दल कोणी आळशी म्हणत नाही. आपल्याकडे दळण बाहेर गेले त्याला शंभर वर्षे होत आली, तरी पोळी बाहेरून आणणे अजून अर्धवट लाजेचे आहे. पीठ विकतचे चालते आणि पोळी विकतची चालत नाही, यामागचे तर्कशास्त्र कोणीतरी एकदा मांडून दाखवावे.

अर्थात बाजाराकडे सोपवलेली भाकरी बाजाराच्या लहरीवर जगते, ही दुसरी बाजूही मेक्सिकोनेच दाखवली. १९९४ मध्ये उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला आणि अमेरिकेचा मका मेक्सिकोत वाढत्या प्रमाणावर येऊ लागला. सरकारने १९९९ च्या आरंभी टॉर्टियावरील सरसकट अनुदान आणि किंमतनियंत्रण दोन्ही उठवले. स्पर्धा होईल, भाव उतरतील, अशी ग्वाही होती. पुढे अमेरिकेचा मका इथेनॉलकडे वळला, मक्याचे भाव चढले, साठेबाजीचे आरोप झाले आणि जानेवारी २००७ मध्ये टॉर्टियाचा भाव काही भागांत किलोला दहा पेसोंच्या वर गेला. तेव्हा तिथले किमान वेतन दिवसाला पन्नास पेसोंच्या घरात होते. खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते असलेले अध्यक्ष काल्देरॉन यांना व्यापाऱ्यांशी किलोला साडेआठ पेसोंचा करार करावा लागला, आणि तरीही हजारो लोक राजधानीच्या रस्त्यांवर उतरले. घरातले कष्ट वाचले म्हणून समाजाची जबाबदारी संपत नाही; ती चुलीवरून रेशनच्या दुकानाकडे सरकते.

आता पुन्हा आपल्याकडे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात खोली भाड्याने घेऊन राहणारे मराठी विद्यार्थी कित्येक वर्षे गव्हाची टॉर्टिया हीच पोळी म्हणून खात आले आहेत. त्यांना कोणी मेक्सिकन संस्कृतीचे भोक्ते म्हणणार नाही. अभ्यास आणि अर्धवेळ नोकरी यांतून कणीक मळायला वेळ उरत नाही, इतकेच. तीच सवय आता इथल्या दोन नोकऱ्यांच्या घरांत शिरत आहे, आणि कारणही तेच आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत, बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात असे आढळले. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ९७ मिनिटांचा होता. शिवाय स्त्रियांपैकी ८१.२ टक्के, तर पुरुषांपैकी केवळ २६.१ टक्के या कामात मुळात भाग घेत होते. या पाच तासांचा एक पैसाही राष्ट्रीय उत्पन्नात धरला जात नाही. मास्तरीण बाई शाळेतून सहाला घरी येतात आणि सातला पोळपाट घेतात, यातले पहिले काम उत्पादन ठरते आणि दुसरे कर्तव्य.

टॉर्टियाच्या जेवणाचा एक गुण इथे मान्य करावा लागेल. त्यात लाटण्याचे कसब लागत नाही. उसळ कुकरमध्ये, कांदा विळीवर, टॉर्टिया तव्यावर. पोळी गोल येत नाही ही सबब घरातल्या पुरुषाला वा कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगता येत नाही. ज्या घरात हे पाकीट आल्यावरही भरायचे सारण बाईनेच करायचे, भाजायचे बाईनेच आणि वाढायचेही बाईनेच, त्या घरात फक्त किराण्याचा खर्च वाढला.

आणि हा खर्च लहान नाही. आठ-दहा टॉर्टियांच्या पाकिटाला जे पडते, त्यात किलोभर गव्हाचे पीठ सहज घरी येते. कारकुनाच्या पगारात हे रोज बसणारे नव्हे. त्यातही पाकिटाचा पैसा दूरच्या कारखान्याकडे जातो. उलट, त्याच रस्त्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात चार बायका सकाळपासून पोळ्या लाटत असतात. आणि घरोघर जाऊन पोळ्या करणाऱ्या मावशी तर या साऱ्या चर्चेत कोणाच्या खिजगणतीतही नसतात. पाकिटे वाढली तर पहिले काम जाईल ते त्यांचे. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी पापड लाटून सुरू केलेला लिज्जतचा उद्योग हजारो स्त्रियांचा झाला, तो लाटण्यावरच. पोळीच्या बाबतीत असे मोठ्या प्रमाणावर घडायचे, तर केंद्रांना पालिकेच्या मंडईत रास्त भाड्याचे गाळे हवेत, बँकांचे कर्ज हवे आणि पोळ्या करणाऱ्या बायकांना किमान वेतन हवे. उसळ आणि चीज त्यांच्या पातळ पोळीतही तितकेच चांगले बसते.